पहिली बुडी

या सहलीतून लिफ्टवाल्याच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पहिली गोष्ट म्हणजे मॅरेथॉन, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या सगळ्या गोष्टी तिच्या मागून आलेल्या. शर्यत परगावी होती आणि ते गाव समुद्रकाठचं होतं. म्हणजे बायको ज्या सुट्टीसाठी कधीपासून मागे लागली होती, ती सुट्टीही त्यातच उरकणार. मुलीला, भिंगरीला, समुद्र मिळणार. सासऱ्यांना हवापालट होणार, आणि जावयाने नेलं म्हणून ते चार लोकांत सांगणार. एवढं सगळं एका प्रवासात, आणि वर उपकार त्याचेच.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर टांगलेल्या डब्याखाली बसून तेलकट तारा तपासायच्या, यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. लोक वर जायचे, तो खाली असायचा. कामावर त्याला सगळे 'तळमजला' म्हणायचे. पोट सुटलं म्हणून तो पळायला लागला, आणि पळता पळता त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात ही एकच गोष्ट अशी आहे जी करायला त्याला कुणी फोन करून बोलावलेलं नाही. वर्कशॉपमधल्या त्याच्या जोडीदाराने आपलं मॅरेथॉनचं पदक हत्यारांच्या फळीवर, पान्यांच्या शेजारी, खिळ्याला लटकवलं होतं. लिफ्टवाल्याने त्याच्या बाजूला आणखी एक खिळा ठोकून ठेवला.

"तू?" जोडीदार हसला. "अरे, तू पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टने जातोस."

"तपासत असतो."

"बरं बरं. तपास."

तो रिकामा खिळा त्याला रोज डोळ्यांत खुपायचा.

त्याची बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या गाठोड्यांचं वजन करून तिला अशी सवय लागली होती, की नवऱ्याचं गोड बोलणंही ती आधी हातात घेऊन तोलून बघायची.

"समुद्र?" ती म्हणाली. "आज अचानक?"

"भिंगरी कधीपासून म्हणतेय."

"भिंगरी बोलायला लागल्यापासून म्हणतेय. त्या गावात काय आहे?"

"समुद्र आहे."

"आणखी?"

मग त्याने सांगितलं. "म्हणजे पाकिटावर नाव आमचं," ती म्हणाली, "आणि आत माल तुझा." पण तेवढ्यात तिची नजर खिडकीशी बसलेल्या वडिलांकडे गेली, आणि तिने हो म्हटलं.

वडील म्हणजे घरात सगळ्यांचे आजोबा. त्यांनी जन्मभर केस कापायचं दुकान चालवलं होतं. माणसाचा चेहरा त्याच्या ताब्यात असतो, मान नसते, असं ते म्हणायचे, आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी मागून बघायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, शांत पाणी असेल तर कमरेपर्यंत जायला हरकत नाही, पण उन्हात उभं राहायचं नाही. यातला पहिला अर्धा भाग आजोबांनी सगळ्या गल्लीला ऐकवला. उरलेला लेकीने लक्षात ठेवला.

या घरात समुद्राचा एक नियम होता. लेकी लहान असताना एकदा धाकटी सगळ्यांच्या आधी पाण्यात पळाली. लाटेने तिला लोळवत नेलं, आणि आजोबांनी तिला केसांना धरून बाहेर ओढली. केस लांब होते म्हणून पोरगी वाचली, असं केस कापण्यावर पोट असलेला तो माणूस पुढे सगळ्यांना सांगत राहिला. त्या दिवसापासून पहिली बुडी सगळ्यांनी मिळून घ्यायची. एका ओळीत, हातात हात घालून, आजोबांनी "चला!" म्हटलं की एकदम. त्यानंतर ज्याला जे करायचं ते करा. पण सगळे जमेपर्यंत कुणी पायाचं बोटही ओलं करायचं नाही.

ती ओळ हळूहळू विरळ होत गेली. धाकटी लग्न करून दूर देशी गेली. आजी तर कायमचीच गेली. जावई आला. भिंगरीने एकदा आईच्या कडेवरून बुडी घेतली होती, पण तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. या वेळी ती पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर ओळीत उभी राहणार होती, आजोबांच्या उजव्या हाताला, आजी उभी राहायची तिथे. ऑपरेशनला नेत होते तेव्हा आजोबांनी स्ट्रेचरवरून तिला तसं कबूल केलं होतं. "तुझी जागा ठरली. मी आलोच." ते परत आले ते हा शब्द पाळायला, असं भिंगरीचं ठाम मत होतं. डॉक्टरांचं मत वेगळं असेल, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या एका लाँड्रीच्या वर होत्या. जिन्यात वाफेचा आणि साबणाचा वास. गॅलरीतून, समोरच्या दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधून, समुद्राचा हातभर तुकडा दिसायचा. सामान टाकल्या टाकल्या लिफ्टवाल्याने फ्रीजमध्ये आपल्या बाटल्या उभ्या केल्या, आणि दुधाला फ्रीजच्या दारात जागा शोधावी लागली. भिंगरी बादली घेऊन जिन्यात जाऊन उभी राहिली. आजोबा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले.

"चला," ते म्हणाले.

"बाबा, एक बोलू का?" लिफ्टवाला बूट हातात धरून उभा होता. "म्हणजे तुम्ही म्हणाल तसं. पण पाण्यात पाय भिजले की तळव्यांची कातडी नरम पडते. मग शर्यतीत फोड येतात. शिवाय शिंपला वगैरे लागला तर… रविवारी शर्यत झाली की थेट पाण्यात. बूट काढतो आणि येतोच."

"पावलं आहेत की बिस्किटं?" बायको म्हणाली. "भिजली की विरघळणार!"

"तुला थट्टा वाटते. वर्षभर मेहनत केलीय मी."

आजोबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दुकानात घालायचे तशी त्याची नीट चौघडी घातली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. "चालेल की," ते म्हणाले. "समुद्र कुठे जातोय?"

मग रोज सकाळी ते समुद्रावर जायचे आणि कोरडे परत यायचे. आजूबाजूची कुटुंबं ओरडत पाण्यात शिरायची, नाकातोंडात पाणी गेलेली पोरं खोकत बाहेर यायची, आणि हे चौघं वाळूत, लाट पोहोचणार नाही अशा बेताने, जणू कुणाच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे बसायचे. लिफ्टवाला तर पाय बुटात ठेवूनच बसे. भिंगरीने वाळूत खड्डा खणायला घेतला. खणता खणता तळाशी पाणी लागलं.

"आजोबा, हे समुद्राचं पाणी आहे, पण हा समुद्र नाही. बरोबर?"

आजोबांनी विचार केला. "बरोबर."

"मग बादलीत घेतलं तर?"

"बादलीला नियम लागू नाही."

तिने ओंजळी ओंजळीने बादली भरली. आजोबांनी त्यात मनगटापर्यंत हात बुडवला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच ठेवला. "गार आहे," ते म्हणाले. बायकोने तोंड फिरवलं.

संध्याकाळी आणखी एक प्रकार. धावणाऱ्याला झोप पुरेशी हवी, म्हणून लिफ्टवाला दिवेलागणीलाच आडवा व्हायचा, आणि मग घरात सगळं कुजबुजत चालायचं. भिंगरीला पत्ते आपटल्याशिवाय खेळता येत नसे, म्हणून आजोबा मध्ये उशी ठेवायचे. तिने हुकमाचा पत्ता जीव खाऊन उशीवर आपटावा आणि आवाज येऊ नये, यात दोघांना भलतंच हसू यायचं. तेही तोंड दाबून.

"बाबा, आपण तिघं जाऊन येऊ ना," लेक एकदा म्हणाली. "तो मागून येईल."

"सगळे म्हणजे सगळे."

"नियम तुम्ही केलात. तुम्हीच मोडा."

"मी मोडला तर तो नियम कसला? मग ती माझी लहर."

आता बघायला गेलं तर ही गाठ एका शब्दात सुटली असती, आणि तो शब्द तिघांकडेही होता. लिफ्टवाल्याला 'तुम्ही जा' म्हणता आलं असतं. त्याने म्हटलं नाही, कारण आपल्यासाठी कुणी खोळंबून राहिलंय हे सुख त्याला नवीन होतं. बायकोला मुलीचा हात धरून सरळ पाण्यात जाता आलं असतं. ती गेली नाही, कारण नवऱ्याच्या नावावर एवढी मोठी चूक जमा होत असताना ती मध्येच थांबवणं तिच्या जिवावर आलं. आणि आजोबांना नातीसाठी एकदा वाकता आलं असतं. पण म्हाताऱ्या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं उरतं किती? त्यांच्याजवळ तेवढा नियम होता.

शनिवारी संध्याकाळी आजोबांनी जावयाला गॅलरीत खुर्चीवर बसवून गळ्याभोवती चादर बांधली. उद्या मानेवर केस नकोत, घाम साचतो, असं त्यांचं म्हणणं. कात्री त्यांनी घरून आणली होती.

"मान ताठ ठेवा, जावईबापू."

"बाबा, तुम्हाला राग नाही ना आला?"

"कशाचा?"

"थांबायला लावलं म्हणून."

कात्री जरा थांबली. "माझ्या दुकानात सगळे थांबूनच बसायचे. थांबण्याचं मला काही वाटत नाही." त्यांनी बोटाने त्याची मान किंचित पुढे वाकवली. "उद्या मात्र तुम्ही आमच्यासाठी थांबायचं नाही. बाटली घ्यायची आणि पळायचं. कळलं?"

हे वाक्य लिफ्टवाल्याने जपून ठेवलं. पुढे ते त्याला फार लागणार होतं.

बाटलीची योजना त्याचीच. समुद्रालगतच्या रस्त्यावर, शर्यत संपत येते तिथे एक वळण होतं. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, रविवारी बंद. तिथे आजोबा आणि भिंगरीने उभं राहून बाटली द्यायची. बायकोने शेवटच्या रेषेवर टॉवेल घेऊन थांबायचं, म्हणजे तिथून सगळे परस्पर पाण्यात.

"ऊन?" बायको म्हणाली.

"सकाळी तिथे दुकानाची सावली असते. मी बघून आलोय."

त्याने बघितलं होतं, हे खरं. सावली होतीच. पण तो वेळेवर येईल असं धरून ती सावली बघितली होती.

अर्ध्या वाटेपर्यंत तो छान धावला. मग डाव्या पोटरीत गोळा आला आणि त्याला चालावं लागलं. तो चालत होता, उभा राहून पाय ताणत होता, पुन्हा दोन पावलं धावत होता. तेवढ्या वेळात ऊन आपलं काम करत होतं. सावली दुकानाच्या पायरीवरून सरकली, भिंतीला चिकटली आणि संपली. रस्त्यापलीकडे झाडं होती, पण मधून धावणाऱ्यांची रांग वाहत होती.

"आजोबा, तिकडे जाऊ या," भिंगरी म्हणाली.

"पप्पांना हीच बाजू सांगितलीय. चुकामूक होईल."

तिने बादली उपडी करून त्यांना बसायला दिली. बादली चेपली. मग ते पदपथाच्या कडेवर बसले. समोर झाडांच्या मधून समुद्र चकचकत होता, रस्ता ओलांडला की लागेल इतका जवळ.

लिफ्टवाला वळणावर आला तेव्हा त्याला आधी भिंगरीची पिवळी टोपी दिसली. मग आजोबा. त्यांचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता आणि ओठांचा रंग गेला होता. बाटली द्यायला हात उचलत नव्हता, म्हणून ती भिंगरीने पुढे केली. तो थांबला. हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं, की तो थांबला. बाटली घेतली. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. आजोबांनी गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड झटकावं तशी बोटं हलवली. पळा.

पुढच्या चौकात शर्यत संपायची कमान दिसत होती. वाजत होतं काहीतरी.

"आजोबांना सावलीत बसव," तो भिंगरीला म्हणाला, आणि पळाला.

आजोबा मागून त्याच्या मानेकडे बघत राहिले असतील. त्यांना तिथे काय दिसलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

रेषेपलीकडे एका मुलीने त्याच्या गळ्यात पदक घातलं. बायको चौघांचे टॉवेल घेऊन उभी होती.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत बसलेले."

त्याला पाय टेकवत नव्हता. तो आधी गवतावर पडला, मग पाणी प्याला, मग एक फोटो झाला. मग दोघं हळूहळू वळणाकडे निघाली. वळणावर लोकांचं कोंडाळं होतं. सायकलवाला माडीवरून खाली आला होता. शटर उघडून त्याने आजोबांना दुकानात फरशीवर निजवलं होतं आणि पायांखाली टायर दिला होता. भिंगरी त्यांच्या उशाशी टोपीने वारा घालत होती. तिचा आवाज पार बसला होता.

"पोरगी किती वेळ ओरडत होती," सायकलवाला म्हणाला. "कुणी बघेचना. सगळ्यांना वाटलं, पळणाऱ्यांना ओरडतेय. लोक तिच्याबरोबर टाळ्या वाजवत होते. मलाही वरून तसंच वाटलं हो."

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बायकोने नवऱ्याला समोर बसवलं. पदक त्याच्या गळ्यात तसंच होतं, काढायचं सुचलं नव्हतं.

"तू आलास तेव्हा बाबा कसे होते?"

"बरे होते. थकलेले वाटले. म्हणजे एवढं काही…"

"पप्पा म्हणाले, आजोबांना सावलीत बसव," शेजारच्या खुर्चीवरून बसक्या आवाजात भिंगरी म्हणाली. ती चुगली करत नव्हती, आपली बाजू मांडत होती. "मी ओढलं. खूप ओढलं. पण ते जड होते."

नवऱ्याच्या तोंडून आलेलं आणि मुलीच्या तोंडून आलेलं बायकोने दोन हातांत घेतलं, आणि कोणतं जड आहे हे तिला लगेच कळलं.

"त्यांनीच सांगितलं होतं," लिफ्टवाला म्हणाला. "काल. केस कापताना. थांबायचं नाही म्हणाले."

"हो," ती म्हणाली. "तू फार आज्ञाधारक."

आजोबा त्यातून उठले, पण उठले म्हणजे खुर्चीत बसण्यापुरते. घरी निघायच्या दिवशी भिंगरी चेपलेली बादली घेऊन त्यांच्या खाटेशी आली. "आजोबा, पाणी आणू? बादलीला नियम नाही."

आजोबांनी खूप वेळ बादलीकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी खरंच जाऊ. सगळे. समुद्र कुठे जातोय?"

समुद्र कुठेच गेला नाही. झाडांची पानं गळायच्या आत आजोबा गेले.

पुढच्या उन्हाळ्यात समुद्राला जायचं लिफ्टवाल्यानेच काढलं. त्या गावाला नाही, दुसऱ्या. शर्यत नव्हती, बाटल्या नव्हत्या. धावणं त्याने सोडलं होतं आणि पोट परत आलं होतं. पोहोचल्या संध्याकाळी तो सगळ्यांच्या आधी अनवाणी वाळूत उतरला. तिघं कडेला उभी राहिली. त्याने एका हातात बायकोचा हात घेतला, तिने तो ओढून घेतला नाही. दुसरा हात भिंगरीपुढे केला. मग घसा खाकरला, आणि आजोबांच्या चालीवर म्हणायचा प्रयत्न केला, "चला!"

भिंगरी हलली नाही.

"चल ना गं. आता तर पप्पा पण आलेत."

"सगळे कुठे आलेत?" ती म्हणाली.

लाट आली, त्यांच्या पायांच्या जरा अलीकडे थांबली आणि परत गेली. बायको खाली वाकली आणि मुलीच्या शेजारी वाळूत बसली. लिफ्टवाला बराच वेळ हात पुढे करून उभा होता. अंधार पडायला लागला तेव्हा तिघं वळली आणि कोरडी परत आली.

शेवटी ही सहल कुणाला केवढ्याला पडली ते बघून घेऊ. वर्कशॉपमधला खिळा अजून रिकामा आहे. पदक कुठल्या खणात आहे हे लिफ्टवाल्याला माहीत आहे, पण तो खण तो उघडत नाही. जोडीदाराने एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. त्याला वाटतं, आपण बरंच फेडलं. बायको रोज त्याच्याशी नीट बोलते, चहा देते, आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो विषय निघाला असता तर त्याला बरं वाटलं असतं, हे तिला माहीत आहे. आजोबांनी जे होतं ते एकदाच सगळं देऊन टाकलं आणि मोकळे झाले.

भिंगरीचं फेडणं मात्र चालूच आहे. शाळेत खेळांच्या दिवशी सगळी मुलं मैदानाच्या कडेला उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडतात. ती ओठ मिटून उभी असते. बाईंनी विचारलं, तर म्हणाली, ओरडून काय होतं? सगळ्यात महाग तिला पडलं, आणि तिला तर या सहलीत फक्त पाय ओले करायचे होते.